व्हॅन उन्हाने पेटत नाही

जुन्या व्हॅनला आग लागली की तिचे कारण दोन शब्दांत सांगून मोकळे होण्याची रीत पडली आहे. एप्रिल-मे असेल तर ‘गरमीने पेटली’, इतर महिना असेल तर ‘शॉर्ट सर्किट झाले’, आणि दोन्ही पटले नाही तर ‘गाडीच जुनी होती, इंजिन संपले होते’. विदर्भात ही तिन्ही उत्तरे चहाच्या टपरीपासून पंचनाम्यापर्यंत सारख्याच सहजतेने दिली जातात. तिन्हींत एक उणीव सारखी आहे. त्यांत गाडीच्या एकाही भागाचे नाव नसते. कोणता पाइप फुटला, कोणती वायर कशाला घासली, कोणती क्लिप ढिली होती, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. म्हणून तीच क्लिप दुसऱ्या व्हॅनमध्ये ढिली राहते. व्हॅनची आग इंजिनच्या वयातून किंवा आकाशातल्या उन्हातून येत नाही. ती एखाद्या ठरावीक, स्वस्त आणि बदलता येणाऱ्या भागातून येते, आणि बहुतेक वेळा त्या भागाने आधी खूण दिलेली असते.

हा प्रश्न केशोरीसारख्या गावात शहरापेक्षा जास्त जिव्हाळ्याचा आहे. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या हद्दीजवळ वसलेले हे गाव मिरचीसाठी ओळखले जाते. जवळ गोठणगावचे इटियाडोह धरण आहे, आसपास जंगल आणि धानाची शेती आहे, आणि जिल्ह्याचे ठिकाण दूर आहे. अशा भागात जुनी व्हॅन ही चैनीची वस्तू नसते. ती सवारी नेते, बाजाराचा माल नेते, शाळेची मुले नेते आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यातही नेते. तिला जंगलातल्या रस्त्यावर आग लागली तर अग्निशमन गाडी तालुक्याहून किंवा त्याहूनही लांबून येणार. व्हॅन मात्र काही मिनिटांत पूर्ण पेटते. म्हणजे इथे आग विझवण्यावर भिस्त ठेवता येत नाही, ती लागू न देण्यावरच ठेवावी लागते. ‘गरमीने पेटली’ हे उत्तर नेमका तोच मार्ग बंद करते, कारण ऊन कोणाला थांबवता येत नाही.

पहिल्यांदा उन्हाचाच दावा तपासावा. पूर्व विदर्भात पारा ४७ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत तापमान याहून बरेच वाढते, तरी ते शंभर अंशांच्या आतच राहते. पेट्रोलची वाफ ठिणगीशिवाय, केवळ उष्णतेने पेटायला साधारण २५० अंश किंवा त्याहून अधिक तापमान लागते. डिझेलचा आकडाही २०० अंशांच्या वर आहे. इतके तापमान सूर्य देत नाही, इंजिनचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड देतो. चढावर भरलेली गाडी ओढताना तो ४०० ते ६०० अंशांपर्यंत तापतो, आणि हे डिसेंबरातही तितकेच खरे असते. ठिणगी मिळाली तर पेट्रोलला उन्हाची गरजच नसते. पेट्रोलचा ज्वलनबिंदू शून्याखाली सुमारे ४० अंश आहे, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ ठिणगीने पेट घेते.

गाजलेल्या घटनांच्या तारखाही याच बाजूने बोलतात. पंजाबमधील संगरूर जिल्ह्यात लोंगोवाल येथे शाळेच्या व्हॅनला आग लागून चार बालके गेली ती १५ फेब्रुवारी २०२० रोजी. जळगावात इच्छादेवी चौक परिसरात ओमनी व्हॅनमध्ये गॅस भरताना स्फोट झाला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि जळगावच्याच महामार्गावर रुग्णवाहिका पेटली तीही त्याच महिन्यात. मूठभर घटनांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण उन्हाळ्यालाच दोष देणाऱ्याने या घटना थंडीच्या दिवसांत कशा घडल्या याचे उत्तर द्यायला हवे.

उन्हाचा वाटा अजिबात नाही, असे म्हणणेही चूक ठरेल. उन्हाळा रबर कडक करतो, पेट्रोलची वाफ वाढवतो, बॅटरीचे आयुष्य घटवतो, आणि रेडिएटरमधले पाणी कमी असेल तर इंजिन लवकर तापवतो. पण हे सगळे तयारीचे काम आहे. काडी ओढणारा हात दुसराच असतो.

तो हात कुठे असतो हे कळायला व्हॅनची रचना पाहावी लागते. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे १९८८ पासून ती ओमनी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन समोर बॉनेटखाली नसून पुढच्या दोन सीटांच्या खाली आहे. २०१० मध्ये आलेल्या ईकोतही इंजिन तिथेच आहे. त्याआधी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर राज्य केलेल्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमध्येही इंजिन चालकाच्या कक्षातच, झाकणाखाली होते. या मांडणीचा फायदा उघड आहे. गाडी आखूड राहते आणि आत जागा मिळते. तोटा तितका उघड नाही. बॉनेट उचलून रोज सकाळी इंजिनवर नजर टाकण्याची सवय कारवाल्याला सहज लागते. व्हॅनवाल्याला त्यासाठी सीट उचलावी लागते, सीटखाली कोंबलेले पाने, चिंध्या, ऑईलचा डबा बाजूला करावा लागतो. म्हणून इंजिन महिनोन् महिने कोणाच्या दृष्टीस पडत नाही. वर फोम आणि रेक्झिन असते, जे पेटायला वेळ लागत नाही आणि पेटले की घुसमटवणारा धूर सोडते. पेटलेले इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये पत्र्याचे एक झाकण आणि एक गादी, इतकेच अंतर असते.

याच मांडणीने एक मोठी सोयही दिली आहे, तिचा उपयोग मात्र केला जात नाही. पेट्रोल गळू लागले की वास थेट चालकाच्या नाकाशी येतो. कारमध्ये असा वास वाऱ्याबरोबर निघून जाऊ शकतो, व्हॅनमध्ये तो आत साठतो. जुन्या व्हॅनमध्ये बसल्यावर ‘या गाडीला पेट्रोलचा वास येतोच’ असे जे सांगितले जाते, ते धोक्याच्या घंटेला रोजचा आवाज समजण्यासारखे आहे. निर्दोष इंधनव्यवस्थेच्या गाडीत, मग ती तीस वर्षांची का असेना, पेट्रोलचा वास येत नाही.

वास येतो तो बहुधा रबरी पाइपांमधून. टाकीपासून पंपापर्यंत, पंपापासून फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंत लोखंडी नळीच्या टोकांना रबराचे छोटे तुकडे जोडलेले असतात. इंजिनच्या उष्णतेने ते वर्षानुवर्षे भाजत राहतात. आधी ते कडक होतात, मग वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात, मग क्लिपेच्या कडेला ओल येते. ही ओल उष्णतेने लगेच उडून जात असल्याने खाली थेंब पडत नाही आणि गळती नाही असा समज होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जाऊन निघून जात नाही, खाली इंजिनच्या खोबणीत साठते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले की ती पेटण्याजोगी होते. त्यानंतर स्टार्टरची ठिणगी, डायनामोच्या ब्रशची ठिणगी किंवा भेग पडलेल्या प्लग वायरमधून इंजिनच्या अंगावर उडणारी ठिणगी, यांपैकी कोणतीही पुरते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सेल्फ मारताच पेटते, त्यामागे बहुधा हीच गोष्ट असते. इंजिन त्या वेळी थंड असते आणि उन्हाचा तर प्रश्नच नसतो.

कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक जागा सांभाळावी लागते. फ्लोटची सुई कचऱ्याने अडकली की कार्बोरेटर भरून वाहू लागतो. अशा वेळी एअर फिल्टर काढून टाकलेला असेल, आणि इंजिनने मागे भडका मारला, तर ज्वाळा थेट उघड्या पेट्रोलवर येते. फिल्टरचा डबा धूळ अडवतो तसा हा भडकाही अडवतो, म्हणून ‘पिकअप वाढते’ म्हणून तो काढणारा मिस्त्री आगीसाठी दार उघडे करत असतो. पुढच्या पिढीच्या एमपीएफआय, म्हणजे इंधन इंजेक्शनच्या, इंजिनांत धोका वेगळ्या रूपात आहे. जुन्या पंपाचा दाब अगदी कमी असे, इंजेक्शनच्या गाडीत तो त्याच्या कित्येक पट, तीन बारच्या आसपास असतो. त्यामुळे इथे सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही पेट्रोल थेंबाने न पडता फवाऱ्याने उडते. त्या दाबासाठी पाइपही वेगळा लागतो. त्याच्या जागी दुकानात मिळेल तो साधा पाइप किंवा पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवून क्लिपेऐवजी तार आवळली जाते, आणि गाडी चालू झाली म्हणजे काम झाले असे मानले जाते. हा दोष कंपनीच्या इंजिनचा नाही आणि गाडीच्या वयाचाही नाही. तो त्या दिवशीच्या दुरुस्तीचा आहे.

इथेनॉलबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल २०२३ पासून विकले जाऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वदूर पोहोचले. जुन्या व्हॅन त्यासाठी घडवलेल्या नव्हत्या. या पेट्रोलने गाड्या पेटतात अशी हाकाटी करण्याइतका पुरावा समोर नाही आणि ती करूही नये. परंतु काही जुन्या वाहनांत दीर्घ वापरानंतर, साधारण २० ते ३० हजार किलोमीटरनंतर, काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये म्हटले आणि हा बदल स्वस्त असल्याचेही सांगितले. सवारी वाहणारी व्हॅन इतके अंतर वर्ष-दीड वर्षात सहज कापते. मंत्रालयाचे म्हणणे प्रमाण मानले तरी त्यातून निघणारा अर्थ एकच आहे. जुन्या व्हॅनचे पाइप ठरावीक काळाने बदललेच पाहिजेत. हे वाक्य पंपावर, पासिंगच्या ठिकाणी आणि गॅरेजच्या भिंतीवर मराठीत लिहिलेले असायला हवे होते.

डिझेलच्या जुन्या गाड्या, म्हणजे टाटा सुमो, ट्रॅक्स, काळीपिवळीतल्या जीपा, मॅटाडोर, यांच्याबद्दल ‘डिझेल पेटत नाही’ असा विश्वास आहे. भारतात डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश असावा लागतो, त्यामुळे सांडलेल्या डिझेलवर काडी टाकली तर ते पेट्रोलसारखे भडकत नाही, इतके खरे. पण इंजेक्टरकडे जाणारी लोखंडी नळी कंपनांनी तडकली की अतिशय उच्च दाबाचे डिझेल धुक्यासारखे उडते, आणि हे धुके तापलेल्या मॅनिफोल्डवर पडले की ठिणगीचीही गरज राहत नाही. टर्बोचा ऑईल पाइप फुटला तरी तेच होते. डिझेल इंजिनचा आणखी एक दोष जुन्या चालकांना चांगला ठाऊक असतो. झिजलेल्या इंजिनमध्ये किंवा टर्बोच्या सीलमधून स्वतःचेच ऑईल आत ओढले जाऊ लागले की चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, उलट सुसाट पळत सुटते आणि फुटते. अशा वेळी हवेची वाट बंद करणे किंवा गिअरमध्ये टाकून ब्रेकने इंजिन दाबणे एवढेच हाती असते. इथे मात्र ‘इंजिन संपले होते’ हे कारण बरोबर ठरते, आणि तेही ऑईल पिणारे इंजिन महिनोन् महिने काळा-निळा धूर सोडून आपली अवस्था सांगत असल्यावर.

आता ‘शॉर्ट सर्किट’. हे उत्तर खोटे असतेच असे नाही, पण अपुरे मात्र असते. शॉर्ट सर्किट म्हणजे वायरचा उघडा भाग बॉडीला लागणे. ते झाले तर फ्यूज उडावा आणि गोष्ट तिथेच संपावी, यासाठीच फ्यूज बसवलेला असतो. आग लागली याचा अर्थ फ्यूज उडला नाही. म्हणून खरा प्रश्न शॉर्ट का झाले हा जितका आहे तितकाच फ्यूज का उडला नाही हाही आहे. उत्तर बहुधा फ्यूजच्या डबीतच सापडते. १५ अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज, किंवा फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा. दोन ६० वॅटचे दिवे १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात. जंगलातल्या रस्त्याला उजेड हवा म्हणून तिथे १०० वॅटचे दोन दिवे लावले की हाच आकडा जवळजवळ १७ वर जातो. फ्यूज उडू लागतो, वायरमन मोठा फ्यूज टाकतो, आणि त्या क्षणापासून वायरिंगमधला सर्वांत कमजोर भाग फ्यूज न राहता वायर होते. तिचे आवरण मऊ होते, शेजारच्या वायरला चिकटते, पुढचे काम वेळ करतो. वर प्रेशर हॉर्न, टेप, पंखा, मोबाइलचा चार्जर, हे सगळे एकाच वायरला गुंडाळून टेप मारलेले. बॅटरीची जाड वायर पत्र्याच्या कडेला घासत असेल तर प्रकरण आणखी गंभीर होते, कारण स्टार्टरला जाणाऱ्या त्या वायरवर बहुधा फ्यूजच नसतो आणि साधी बॅटरीही शॉर्ट झाल्यास काहीशे अँपिअर सोडू शकते.

धानाच्या मुलखात याला उंदरांची जोड मिळते. मळणीनंतर खळ्याजवळ उभ्या राहणाऱ्या व्हॅनच्या इंजिनखोबणीत उंदीर तणस ओढून नेतात आणि उबेला घरटे करतात. वायरचे आवरण तेच कुरतडतात आणि पेटायला कोरडे काडही तेच आणून ठेवतात. रस्त्यावर किंवा वाटेवर पसरलेल्या तणसावरून गाडी नेली की काड्या सायलेन्सरपाशी अडकतात. मार्च-एप्रिलात जंगलरस्त्याच्या कडेला पालापाचोळ्यावर गरम गाडी उभी करण्यातही हाच धोका आहे, आणि तो गाडीपुरता न राहता जंगलालाही लागतो. या बाबी कोणत्याही कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ठळकपणे येणार नाहीत. त्या इथल्याच लोकांनी एकमेकांना सांगायच्या आहेत.

गॅस किटविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मताने गॅसची व्हॅन म्हणजे चालता बॉम्ब, दुसऱ्या मताने ‘सगळेच वापरतात, काही होत नाही’. दोन्ही मते एकाच गोष्टीकडे पाठ फिरवतात. मान्यताप्राप्त एलपीजी टाकी आणि स्वयंपाकघरातला सिलिंडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वाहनाच्या टाकीवरची झडप ८० टक्के भरल्यावर गॅस घेणे बंद करते, म्हणजे उष्णतेने द्रव फुगायला जागा राहते. ती टाकी चेसिसला घट्ट बांधलेली असते आणि ठरावीक वर्षांनी तिची दाबचाचणी करावी लागते. सीएनजी टाकीसाठी ही मुदत ३ वर्षांची आहे. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमधून पंपाने उपसून गाडीत गॅस भरताना यातली कोणतीही काळजी घेतली जात नाही. नळीच्या तोंडाशी गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो आणि एखादी ठिणगी सापडेपर्यंत पसरतच राहतो. वर सांगितलेला जळगावच्या इच्छादेवी चौकातला स्फोट ओमनीत असाच बेकायदा गॅस भरताना झाला. त्यात अनेक जण होरपळले आणि त्यांतील काहींचा पुढे उपचारादरम्यान मृत्यू झाला. ते इंजिनच्या दोषाचे बळी नव्हते, गाडीच्या वयाचेही नव्हते. चोरून गॅस भरण्याचा धंदा उघड्यावर चालू दिला गेला, त्याचे ते बळी होते. हे वाक्य लिहिताना शब्द मऊ करण्याचे कारण नाही.

‘जुन्या गाड्या भंगारात काढा, प्रश्न मिटेल’ हा सर्वांत सुटसुटीत वाटणारा उपाय आहे, आणि त्याच्या समर्थनार्थ लोंगोवालचे उदाहरण देता येते. ती व्हॅन सुमारे ३० वर्षे जुनी होती आणि शाळेने नुकतीच आणली होती. तीत १२ मुले होती. आठ जणांना वाचवता आले, चार लहानग्यांना बाहेर काढता आले नाही. अशी गाडी मुलांना घेऊन रस्त्यावर यायला नको होती, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. ज्या व्हॅनचा सांगाडा गंजला आहे, टाकीला आतून गंज चढला आहे, दारे उघडत नाहीत, ती मोडीतच निघाली पाहिजे. पण वयाची रेघ मारून हा प्रश्न सुटतो, हे म्हणणे टिकत नाही. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर प्रदूषणासाठी बंदी आली, तेव्हा अशा अनेक गाड्या मोडीत न जाता ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. महानगर जी गाडी नाकारते ती स्वस्त होते, आणि स्वस्त गाडी शेवटी तिथे पोहोचते जिथे दुसरा पर्याय नसतो. सरकारचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. पण मोडीच्या पैशांत दुसरी चालती व्हॅन येत नाही, आणि केशोरीच्या सवारीला गाडी उद्या सकाळीच हवी असते.

वयाच्या दाव्याला दुसरे उत्तर परदेशातून मिळते. फोक्सवॅगनची जुनी हवेने थंड होणारी व्हॅन आगीसाठी कुप्रसिद्ध आहे. तिचे इंजिन मागे असते, पेट्रोलचे रबरी पाइप तापत्या इंजिनवरून जातात, कार्बोरेटरच्या तोंडाशी दाबून बसवलेली पितळी नळी कालांतराने निसटू शकते, आणि इंजिनचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असल्याने एकदा पेटला की पाण्याने आणखी भडकतो. इतके दोष असूनही पन्नास वर्षांच्या या व्हॅन आजही जगभर धावतात, कारण ज्या मालकांना त्यांची माया आहे ते ठरावीक वर्षांनी सगळे पाइप न चुकता बदलतात आणि ती पितळी नळी पक्की करून घेतात. याउलट अमेरिकेत फोर्डने १९९९ ते २००९ या काळात क्रूझ कंट्रोलच्या एका बटणातील दोषासाठी सुमारे दीड कोटी गाड्या परत बोलावल्या, त्यांत इकोनोलाइन व्हॅनही होत्या. त्या बटणाला कायम वीज मिळत असल्याने इंजिन बंद असलेल्या, घराशी उभ्या गाड्याही पेटत होत्या. दोष वयाचा नव्हता, एका भागाचा होता. तो भाग शोधला गेला, त्याला नाव मिळाले, म्हणून तो दुरुस्त करता आला.

भारतातल्या कायद्याने मात्र जुन्या व्हॅनला या शोधातूनच वगळले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०-ए सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार सरकारला देते. त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. पण हे सगळे ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांपुरते आहे. २०१९ मध्ये बनलेली शेवटची ओमनीही २०२६ मध्ये या मर्यादेबाहेर जाते. अमेरिकेत परत बोलावलेल्या गाडीची मोफत दुरुस्ती १५ वर्षांपर्यंत मिळण्याची सोय २०१५ मध्ये झाली. रबर, वायर आणि जोड यांचे दोष सातव्या वर्षानंतरच बाहेर येऊ लागतात, आणि नेमके तेव्हाच आपला कायदा नजर फिरवतो. ही मर्यादा बदलण्याची मागणी व्हॅनवाल्यांच्या संघटनांनी आणि पालकांनी करायला हवी. मालकाला दोष देणे सोपे आहे, पण ज्या दोषाची नोंदच होत नाही तो मालकाला कळणार कसा?

तपासणीची स्थितीही याच्याशी जुळती आहे. प्रवासी परवान्याच्या वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. खासगी नोंदणीच्या पांढऱ्या पाटीच्या व्हॅनला पहिली १५ वर्षे कोणीच पाहत नाही, त्यानंतर पाच वर्षांतून एकदा. याच पांढऱ्या पाटीच्या व्हॅन गावोगाव सवारी आणि शाळेची मुले नेतात. पीयूसी फक्त धूर मोजते. पासिंगमध्ये ब्रेक, दिवे, हॉर्न पाहिले जातात. सीट उचलून पेट्रोलचा पाइप वाकवून पाहिला जाईलच याची शाश्वती नाही. शालेय बससाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांत अग्निशामक नळकांडे सक्तीचे आहे. परंतु अनेक गाड्यांत हे नळकांडे मागच्या सीटखाली, सामानाआड, मुदत उलटलेल्या अवस्थेत पडलेले असते.

म्हणून जे करायचे ते गावातच करावे लागेल, आणि ते अवघड नाही. महिन्यातून एकदा सीट उचलून थंड इंजिनवर प्रत्येक रबरी पाइप बोटांनी वाकवून पाहावा. भेग, ओल किंवा चिकटपणा आढळला की पाइप त्याच दिवशी बदलावा, आणि नव्या पाइपबरोबर नवी क्लिप घ्यावी. काही आढळले नाही तरी दोन-तीन वर्षांनी सगळे पाइप एकदम बदललेले बरे. या कामाचा खर्च एका टायरपेक्षा कमी येतो. फ्यूजच्या डबीत मूळ आकड्याचेच फ्यूज असावेत. जादा दिव्यांना रिले आणि स्वतंत्र फ्यूज असावा. बॅटरीची वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच शाबूत असावे. ऑईलची गळती पुसून टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, ती बंद करावी लागते. गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाकण्याऐवजी पाणी कुठे जाते ते शोधावे. सीटखालची चिंधी आणि ऑईलचा डबा तिथून कायमचे हलवावेत. नळकांडे चालकाच्या हाताशी असावे, आणि त्याची पिन कशी ओढायची हे त्याने एकदा तरी करून पाहिलेले असावे.

दारांचा प्रश्न आगीइतकाच महत्त्वाचा आहे. १९ मार्च २०२५ रोजी पुण्याजवळ हिंजवडीत कर्मचाऱ्यांना नेणारी टेम्पो ट्रॅव्हलर पेटली आणि चार जणांचा मृत्यू झाला. मागचे दार वेळेत उघडले नाही. सुरुवातीला सगळीकडे शॉर्ट सर्किटचे नाव घेतले गेले. पोलिसांनी पुढे सांगितले की चालकानेच ज्वलनशील द्रव वापरून आग लावली होती. तपास झाला नसता तर हा प्रकार कायमचा शॉर्ट सर्किट म्हणून नोंदला गेला असता. याउलट नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावच्या महामार्गावर रुग्णवाहिकेच्या इंजिनातून धूर येताना दिसताच चालकाने गाडी थांबवून गर्भवतीसह सर्वांना उतरवून दूर नेले, आणि त्यानंतर ऑक्सिजन सिलिंडरचा स्फोट झाला. गाडी राख झाली, माणसे वाचली. ओमनी-ईकोसारख्या व्हॅनचे सरकते दार आणि मागचे दार आतून व बाहेरून एका हाताने उघडते का, हे रोज पाहायचे आहे; मुले उतरतील म्हणून बाहेरून कडी घालणे तर कधीच नको.

धूर किंवा वास आला की गाडी कडेला घेऊन चावी बंद करावी, आधी माणसे उतरवावीत आणि तीसेक मीटर दूर न्यावीत. सामानासाठी परत फिरू नये. सीट किंवा झाकण पूर्ण उघडू नये, कारण हवा मिळाली की ज्वाळा उसळते. फटीतून, ज्वाळेच्या बुडाशी नळकांड्यातली पावडर मारावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये, ते पेट्रोल पसरवते. नळकांडे संपले आणि आग राहिली तर गाडी सोडून द्यावी.

त्यानंतर पंचनामा. जळालेल्या व्हॅनमध्येही बरेच काही शिल्लक असते. तांब्याच्या वायरच्या टोकाला वितळून बनलेला गोळा तिथे वीज चालू असताना शॉर्ट झाल्याचे सुचवतो. फ्यूजच्या डबीच्या अवशेषांत तारेचा तुकडा सापडू शकतो. पाइप जळाला तरी क्लिप उरते, आणि क्लिपेच्या जागी बांधलेली तारही उरते. पत्रा कुठे सर्वाधिक भाजला आहे त्यावरून आग कुठून सुरू झाली याची दिशा मिळते. इंधन कोणते होते, किट मान्यताप्राप्त होते का, शेवटची दुरुस्ती कधी आणि कशाची झाली, आग चालत्या गाडीत लागली की सेल्फ मारताना, त्याआधी वास येत होता का, दारे उघडली का, हे प्रश्न मालकाला, चालकाला आणि सवारीला त्याच दिवशी विचारता येतात. पंचनाम्यातल्या कारणाच्या ओळीत ‘गरमी’ किंवा ‘शॉर्ट सर्किट’ लिहून थांबण्याऐवजी भागाचे नाव आणि जागा लिहावी, आणि त्याची एक प्रत गोंदियाच्या परिवहन कार्यालयात जावी.